न हलणारा आकडा

काँक्रीट बोलतं, हे लोकांना पटवून देण्यात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. आमच्या करडगावच्या टाकीचं काँक्रीट मात्र गप्प आहे, हे पटवायला मला जेमतेम चार दिवस मिळाले. एकालाही पटलं नाही. घरच्यांनाही नाही.

सुरुवात एका सरळ रेषेनं झाली. पुण्याला आमच्या प्रयोगशाळेत राज्यभरातल्या पुलांचे, इमारतींचे, टाक्यांचे आकडे येऊन पडतात. ते बघायला यंत्रं आहेत, माणसानं डोळे फोडायची गरज नाही. पण माझ्या एका विद्यार्थिनीला प्रबंधासाठी टाक्यांचे जुने आलेख हवे होते. ते काढताना आपल्या गावची टाकी म्हणून करडगावचा आलेख मी जरा कौतुकानंच उघडला. चार वर्षांचा आलेख होता. अठ्ठ्याण्णव, अठ्ठ्याण्णव, अठ्ठ्याण्णव. पट्टी ठेवून ओढावी तशी रेघ.

“मॅडम, किती सुंदर!” विद्यार्थिनी म्हणाली.

मी मात्र घाबरले.

का, ते सांगते. काँक्रीट दाबाला राक्षस आणि ताणाला लेकरू. त्याच्यावर डोंगर ठेवा, सोसेल. जरा ओढलं की चिरतं. म्हणून त्यात पोलादाच्या सळया घालतात. आम्ही त्यात आणखी कार्बनचे धागे मिसळले, केसाहून बारीक. आपल्याकडे घराच्या भिंतीची माती मळताना तिच्यात भुसा घालायचे, तीच अक्कल, फक्त महाग. चीर पडू लागली की हे धागे तिच्या दोन्ही कडा धरून ठेवतात. शिवाय कार्बनमधून वीज जाते. धागे ताणले, काँक्रीटमधली त्यांची पकड सुटू लागली, की विजेची वाट अवघड होते. हा अडथळा मोजला की आत काय चाललंय ते बाहेर कळतं. तोच तो आकडा. शंभर म्हणजे ठणठणीत, सत्तरच्या खाली म्हणजे माणसं बाहेर काढा. याच्या जोडीला आम्ही काँक्रीटमध्ये झोपलेले जिवाणू पेरले. चिरेतून पाणी झिरपलं की ते जागे होतात, चुनखडी तयार करतात आणि चीर लिंपून टाकतात.

थोडक्यात, हे काँक्रीट दुखलं तर सांगतं आणि जमेल तेवढं आपलं आपण बरं होतं. पण म्हणूनच त्याचा आकडा कधी स्थिर राहत नाही. टाकी भरली की भिंती ताणतात, आकडा उतरतो. रिकामी झाली की चढतो. उन्हात निराळा, थंडीत निराळा. करडगावची टाकी मात्र चार वर्षांत एकदाही हलली नव्हती. इतकं निरोगी जगात काही नसतं.

मी मन्मथला फोन लावला. मन्मथ माझा धाकटा भाऊ, आणि करडगाव नगरपालिकेचा पाणीपुरवठा अभियंता. माझ्यापेक्षा बराच लहान. त्याला कडेवर घेऊनच मी दहावीचा अभ्यास केला होता.

“अक्का, त्याच आकड्यावर तर आपल्याला राज्याचा पुरस्कार मिळाला!” तो खिदळला. “ऑफिसात भिंतीवर लावलाय. आणि तू रविवारी येच. नवीन पाइपलाइनचं पाणी आलंय, टाकी पहिल्यांदा काठोकाठ भरायलोत.”

“पहिल्यांदा म्हणजे?”

“म्हणजे काय? दुष्काळात कुठलं पाणी? आजवर तिसऱ्या हिश्श्याच्या वर गेलीच न्हाई ती.”

मी त्याच दिवशी गाडी धरली.

*

टाकीच्या खांबांच्या मधोमध, अगदी पोटाखाली, व्हॉल्व्हची खोली आहे. तेच मन्मथचं ऑफिस. भिंतीवर पुरस्कार, टेबलावर लाउडस्पीकरचा माइक, आणि माझ्यासाठी कागदात बांधून आणलेला चुरमुऱ्यांचा सुसला. मी आले की तो सुसला आणतोच; पुण्यात मला कुणी चुरमुऱ्याला हात लावू देत नाही अशी त्याची पक्की समजूत आहे. बाहेर टाकीवर ट्रकएवढी विजेची पाटी होती आणि तिच्यावर लाल अक्षरांत ९८. गावात कुठूनही दिसायची.

“ते तांबं,” मी म्हटलं. “ते आत कसं लावलंय?”

तांब्याची गोष्ट गावात सगळ्यांना तोंडपाठ आहे. ती सुरू केली आमच्या मायनं. माय, म्हणजे नागरबाई बिराजदार, गावातल्या सगळ्या बचत गटांची मुख्य. टाकी बांधून झाली तेव्हा तिनं बायकांना सांगितलं, तांब्याच्या भांड्यातलं पाणी पोटाला चांगलं, हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे, आणि आपली तांब्याची भांडी माळ्यावर धूळ खात पडलीत. मग आख्खी टाकीच तांब्याची का करू नये? आठवड्याभरात घरोघरची घंगाळं, बंब, हंडे, कळशा पालिकेच्या आवारात येऊन पडल्या. तांबटांनी ठोकून त्यांचे पत्रे केले. भांड्यांवर कोरलेली नावं मात्र बायकांनी मिटू दिली नाहीत. टाकीच्या आत आजही लग्नाच्या तारखा, माहेरची नावं आणि मेलेल्या सासवांच्या आठवणी पाण्यात बुडून आहेत. मला फोनवर हे सांगताना माय रडली होती. पत्रे भिंतीपासून लांब, चौकटीत टांगणार असं तेव्हा ठरलं होतं.

“टांगले हतेच,” मन्मथ म्हणाला. “पण पाणी वर-खाली झालं की वाजायचे ना! लोक म्हणायचे, टाकीत कुणीतरी भांडी घासायलंय. म्हातारी माणसं भ्यायली. मग मी बोल्ट मारून भिंतीला फिट्ट करून टाकले.”

“भिंतीत? खोल?”

“चांगले ठासून. एक पत्रा हलत न्हाई आता.”

तो कौतुकाची वाट बघत होता. मी सुसल्याचा कागद बाजूला सारला.

वीज आळशी असते, सोपी वाट सापडली की अवघड वाटेनं जातच नाही. कार्बनचे धागे ताणले, तुटले, पकड सुटली, तरी तिला काय त्याचं? तिला बोल्टमधून तांब्यात आणि तांब्यातून पुढच्या बोल्टमध्ये जायला राजमार्ग मिळाला होता. चार वर्षं आम्ही मोजत होतो तो तांब्याचा आकडा. तांबं अजिबात दुखत नव्हतं. याहून वाईट म्हणजे तांबं जंतू मारतं. म्हणून तर त्यातलं पाणी चांगलं. मग ते आमचे जिवाणू कसे ठेवील? चिरा लिंपणारं तिथं कुणी उरलंच नव्हतं. आणि ओल्या काँक्रीटमध्ये पोलादाशेजारी तांबं आणि कार्बन आले की त्यांची बॅटरी होते आणि त्या बॅटरीत पोलाद सडतं. तीन गोष्टींवर ती टाकी उभी होती, आणि गावानं माहेरच्या भांड्यांनी तिन्ही मारल्या होत्या.

मन्मथनं सगळं ऐकून घेतलं. तो मूर्ख नाही. पण भिंतीवरच्या पुरस्काराकडे त्याची नजर दोनदा गेली.

“अक्का, एखादा माणूस कधी आजारीच पडला न्हाई, म्हणून त्याला दवाखान्यात घालतीस का?”

“जेवल्यावर आणि उपाशी एकच वजन दाखवणारा काटा घरात ठेवशील का तू?”

“आकडा पडू दे,” तो म्हणाला. “एक जरी हलला ना, तुझ्याआधी मी पाणी सोडतो. शब्द देतो. पण अठ्ठ्याण्णववर मी टाकी बंद केली तर मला उद्या सस्पेंड करतील, आणि परवा दुसरा कुणीतरी येऊन भरील. मग काय केलंस?”

*

मुख्याधिकारी आवटे तरुण, स्वच्छ शर्टाचे, अतिशय सभ्य. त्यांनी मला उभं राहून खुर्ची दिली. माझी पुस्तकं त्यांनी स्पर्धा परीक्षेसाठी वाचली होती, हेही सांगितलं.

“फक्त अर्धी भरा,” मी म्हटलं. “वर्षभर अर्धी वापरा. तेवढ्यात आपण पत्रे काढू, भिंतीचा तुकडा काढून तपासू.”

“मॅडम, अठ्ठ्याण्णव आकड्याच्या बांधकामाला भोक पाडणं हा गुन्हा आहे. आणि सत्तरच्या वर आकडा असताना पाणी रोखलं तर मी जबाबदार. लोकांनी दहा-दहा दिवसांनी पाणी भरलंय इथे.”

“मी लेखी देते. माझं मत म्हणून.”

त्यांना खरंच वाईट वाटलं असावं. “मॅडम, कायद्यात माणसाच्या मताला जागाच नाहीये. ते वाक्य तुमच्याच समितीनं काढलं.”

खरं होतं. पूर्वी तपासनीस चहा पिता पिता पुलांना प्रमाणपत्रं द्यायचे आणि पावसाळ्यात पूल जायचे. म्हणून ‘अनुभवी व्यक्तीचे मत’ हे शब्द खोडावेत यासाठी मी सहा महिने भांडले होते. खोडले गेले त्या दिवशी आम्ही पेढे वाटले. त्यात चूक काय होती, ते मला अजूनही सांगता येणार नाही. आकडा माणसापेक्षा प्रामाणिक असतोच. आपण नेमकं कुणाला मोजतोय हे मात्र त्याला कळत नाही, आणि ते कळणारी माणसं आम्ही कायद्यातून हाकलली होती.

उतरताना जिन्यात मला रडू आलं. राग आला की मला रडू येतं, आणि मग रडू आलं म्हणून आणखी राग येतो. खाली शिपाई पाणी घेऊन आला. ते मी घेतलं नाही.

*

घरी माय रविवारच्या लुगड्याला इस्त्री करत होती. टाकीखाली मांडव घालायचा होता; गावात तेवढी दाट सावली दुसरीकडे कुठे नाही. ज्यांनी तांबं दिलं त्या सगळ्या बायकांचा सत्कार, मग पाण्याची पूजा, मग नळ सुटणार. मायची खुर्ची पहिल्या रांगेत.

“माय, रविवारी तू टाकीखाली बसू नको.”

“मग कुठं बसू? तुझ्या डोक्यावर?”

मी सांगू लागले. वीज, धागे, जिवाणू. सोपं करून सांगितलं, आणखी सोपं करून सांगितलं. माय इस्त्री फिरवत राहिली. मी थांबल्यावर तिनं इस्त्री उभी केली.

“त्या घंगाळात तुला न्हाऊ घातलं. ह्या मन्मथला घातलं. तुझ्या बापाला शेवटचं पाणी त्याच्यातलंच. ते आता गावाचा जीव घेणार म्हणतीस?”

“माय, घंगाळाचा काय दोष?”

“मग कुणाचा?”

मन्मथ जेवत होता. त्याचा हात ताटात थांबला. मला फक्त ‘बोल्टचा’ असं म्हणायचं होतं. त्याच्या तोंडाकडे बघून तो शब्द माझ्या तोंडून फुटला नाही.

“कुणाचाच नाही,” मी म्हटलं.

“मग उगं लेकरांना अन् बायकांना भिववू नको. लई शिकलीस, चांगलं झालं. पण आम्हीबी काही दिलंय त्या टाकीला.”

ती चूल आवरायला गेली. मन्मथनं ताट तसंच ठेवलं आणि हात धुतला.

शनिवारी मी दिवसभर लॅपटॉपसमोर बसून एक पाप करून पाहिलं. आकडा खोटा पाडायचा. चाळीसवर आणायचा, कायद्यानंच टाकी रिकामी करायला लावायची, मग मला जेलात घाला. पण आकड्यात कुणी हात घालू नये म्हणून आम्ही तीन वेगळ्या ठिकाणची यंत्रं एकमेकांवर पाळतीला बसवली होती. एकाला फसवलं की उरलेली दोन त्याला खोटं पाडत. हे कुलूप माझंच. बिल्डर लोकांनी ते फोडायला काय काय केलं होतं, आणि ते फुटत नाही म्हणून मी भाषणांतून किती टाळ्या घेतल्या होत्या! संध्याकाळी मी लॅपटॉप मिटला तेव्हा बाहेर मांडवाचे बांबू ठोकल्याचे आवाज येत होते.

*

रविवारी मी मायच्या शेजारी जाऊन बसले.

दुसरं काही सुचलंच नाही. मांडवाच्या दारात उभी राहून मी येणाऱ्या बायकांना अडवत होते, तेव्हा दोघी-तिघींनी मला प्रेमानं बाजूला केलं. “ताई, ऊन लागलंय का?” एकीनं विचारलं. मग मी आत गेले. माय बसणार तर मीही बसणार. मायनं माझ्याकडे बघितलं नाही, पण पदर सावरून माझ्यासाठी जागा केली.

बायका नटून आल्या होत्या. बऱ्याच जणींनी रिकामे हंडे बरोबर आणले होते, कारण पूजा झाली की टाकीखालचे नळ सुटणार होते आणि पहिलं पाणी घरी न्यायचं होतं. वर, आमच्या डोक्यावर, पाणी भरत होतं. त्याचा आवाज काँक्रीटमधून घुमत खाली येत होता. मन्मथ खोलीतून माइकवर सांगत होता.

“निम्मी टाकी!” टाळ्या.

“आजवर एवढं पाणी टाकीनं बघितलं न्हाई!” आणखी टाळ्या. त्याचा आवाज आनंदानं फाटत होता. माझ्या भावाला मी इतकं खूश कधी ऐकलं नव्हतं. मी मनातल्या मनात देवाला म्हणत होते, मी चुकीची असू दे. सगळ्या जगात माझं हसं होऊ दे. एवढं एकदाच.

“पाऊण टाकी! आता आवटेसाहेबांना विनंती करतो की त्यांनी...”

तो थांबला.

मी वर बघितलं. मांडवाच्या फटीतून पाटीचा कोपरा दिसत होता. ९७.

“अगं, सत्त्याण्णव झालं,” मागची एक बाई हसली. “उन्हानं झालं असंल.”

“अजूनबी पयलाच नंबर हाय की!” दुसरी म्हणाली.

सत्त्याण्णव म्हणजे उत्तमच. कायद्यानं, यंत्रानं, आवटेसाहेबांनी, कुणीही सांगितलं असतं, उत्तम. पण तांबं ताणत नाही आणि दमत नाही. तांब्याचा आकडा उतरतो तो एकाच कारणानं: कुठेतरी बोल्ट भिंतीतून उपटून बाहेर आला म्हणून. चार वर्षांत पहिल्यांदा आम्ही काँक्रीटचा आवाज ऐकत होतो. हे तिथं मला आणि मन्मथला, दोघांनाच कळत होतं.

लाउडस्पीकरमध्ये मन्मथचा श्वास ऐकू आला. मग आख्ख्या गावासमोर तो मला म्हणाला, “अक्का. हलला.”

मी उभी राहिले.

“अक्का, सगळ्यांना उठव. शाळेकडं काढ. मी येणारं पाणी बंद करून खालचा व्हॉल्व्ह उघडायलोय. चाक हातानंच फिरवावं लागतं, वेळ लागंल. पळा म्हणावं सगळ्यांना.”

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. बायका माझ्याकडे बघत राहिल्या. मंचावर आवटेसाहेब मोबाइल काढून आकडा तपासत होते. तो सत्त्याण्णवच होता. हलायचं कुणाला काही कारणच दिसेना. तेवढ्यात माय खुर्चीवर चढली. सत्तरी उलटलेली बाई, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, माझ्या खांद्याला धरून.

“उठा गं!” तिचा आवाज माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत गेला. “सगळ्यांत मोठं घंगाळ माझं हाय त्याच्यात! मी सांगते, उठा! हंडे ऱ्हाऊ द्या, लेकरं घ्या! शाळेत चला!”

मला जे चार दिवसांत जमलं नव्हतं ते एका दमात झालं. बायका उठल्या. हंडे आडवे पडून गडगडत होते आणि त्यांच्या आवाजातून मला वरचा आवाज ऐकू येत नव्हता, तरी तळव्यांना जमिनीतून काहीतरी कळत होतं. खालच्या नळीतून पाणी फुटलं, नाल्याकडे धावलं. त्यानं व्हॉल्व्ह उघडला होता. पण पंधराशे टन पाणी एका नळीतून जायला दुपार लागली असती.

मी खोलीकडे वळले. माय माझ्या दंडाला लटकली. “तो येतोय,” ती म्हणत होती. “तो येतोय, तू चल.”

शाळेच्या पायरीवर पोचलो तेव्हा टाकीच्या कमरेला, जिथं वाटी खांबांवर बसते तिथं, एक काळी रेघ दिसली. आमचं काँक्रीट एकदम फुटत नाही. धागे शेवटपर्यंत धरून ठेवतात. त्यानंच बायकांना पळायला वेळ मिळाला, हे मी नंतर चौकशीत सांगितलं आणि ते खरं आहे. टाकी हळूहळू वाकली, थकलेला माणूस एका पायावर भार टाकतो तशी. मग एकदम खाली आली, आणि पाणी मांडव, बांबू, हंडे सगळं घेऊन नाल्यात गेलं.

व्हॉल्व्हच्या खोलीतून कुणी बाहेर आलं नव्हतं.

*

अग्निशमनची माणसं तासाभरात आली. टाकीची वाटी उलटून, जवळजवळ अख्खीच्या अख्खी, खोलीवर बसली होती. साधं काँक्रीट असतं तर त्याचे तुकडे झाले असते, हातानं उचलले असते. हे तुकडे होत नव्हते. धाग्यांनी सगळं एका जाड चादरीसारखं धरून ठेवलं होतं. यालाच आम्ही गुण म्हणत होतो. क्रेन लावली तर चादर एकसंध सरकणार आणि खाली जे काही असेल ते चिरडणार. एकच उपाय होता. कटरनं भोक पाडायचं आणि आत माणूस सोडायचा.

त्यांचा प्रमुख, सांगोळे नावाचा मोठ्या मिशांचा माणूस, माझ्याकडे आला. “हे काँक्रीट तुमचं म्हणायलेत, मॅडम. कुठं कापू?”

“अगोदर सगळ्यांना गप्प करा,” मी म्हटलं.

त्यानं शिट्टी मारली. शाळेच्या पटांगणातून, गच्च्यांवरून, नाल्याच्या काठावरून, आख्खं करडगाव गप्प झालं. क्रेनचं इंजिन बंद केलं. आणि मग खालून आवाज आला. लोखंडावर लोखंड. टक, टक. थोडा वेळ काहीच नाही. पुन्हा टक.

मायनं माझा हात इतका आवळला की बांगडी रुतली.

मी सांगोळ्यांच्या माणसाकडून हातोडी घेतली आणि काँक्रीटवर चढले. ज्या भागानं अजून भार तोलून धरलाय तो हातोडीला खणखणीत वाजतो. जिथं धाग्यांची पकड सुटलीय तिथं आवाज भद्द येतो. खणखणीत जागी कापलं तर आधार जाणार आणि सगळं त्याच्यावर बसणार. अगदी भद्द जागी कापलं तर कटरच्या हादऱ्यानंच ते ढासळणार. या दोहोंच्या मधली जागा हवी होती. हे काम मी विद्यार्थी असताना केलं होतं, त्यानंतर कधीच नाही. कुणाला ते करावं लागू नये म्हणूनच तर मी बाकीचं सगळं केलं. गुडघ्यांवर रांगत, दर वितीवर ठोकत, कान टेकवत मी फिरले. एका ठिकाणी वाटलं, ही. पलीकडे वीतभर गेले तर वाटलं, ही असेल. परत आले. कुठल्याही यंत्रानं माझ्याकडे काही पाठवलं नाही. खालून तो ठोकत होता, आणि त्याच्या ठोकण्यातलं अंतर वाढत चाललं होतं.

“मॅडम,” सांगोळे हळूच म्हणाले.

मी खडूनं फुली मारली. “इथं.”

“नक्की ना?”

आयुष्यभर या प्रश्नाला मी दशांश चिन्हापुढच्या दोन घरांपर्यंत उत्तर दिलं होतं.

“नक्की नाही,” मी म्हटलं. “इथंच कापा.”

सांगोळ्यांनी मान हलवून कटरवाल्याला वर बोलावलं. मी खाली उतरले. माय ढिगाऱ्याला टेकून बसली होती आणि खालून येणारा प्रत्येक टक तिच्या ओठांवर उमटत होता. मी तिच्याजवळ बसले. कटरचा आवाज किती मोठा असतो ते मला माहीत होतं. एकदा तो सुरू झाला की दुसरं काही ऐकू येणार नव्हतं, आणि तो मध्येच थांबवता येणार नव्हता.

“माय,” मी म्हटलं, “ऐकून घे.”

तिनं डोळे मिटले. टक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा एकदा, टक.

कटर सुरू झाला.